शब्द कोणी बदलायचे, आणि न बदलणाऱ्याचं काय करायचं?

अमेरिकेत २०१८ साली 'मोअर इन कॉमन' या संस्थेने सुमारे आठ हजार लोकांची पाहणी केली. पोलिटिकल करेक्टनेस ही आपल्या देशातली एक समस्या आहे, असं त्यातले ८० टक्के लोक म्हणाले. द्वेष पसरवणारं बोलणं हीसुद्धा समस्या आहे, असं त्याच पाहणीत ८२ टक्के लोक म्हणाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की हिशोब सरळ आहे: निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी खटकतात. टीव्हीवरच्या चर्चेत मात्र एका खुर्चीत 'आता काही बोलायचीच सोय राहिली नाही' म्हणणारा बसतो आणि समोरच्या खुर्चीत 'तुम्हाला फक्त शिव्या द्यायची मोकळीक हवी आहे' म्हणणारा. बहुसंख्य माणसं या दोन्ही खुर्च्यांच्या मधे आहेत आणि त्यांना नेमकं काय खुपतंय, ते कोणी विचारत नाही.

पोलिटिकल करेक्टनेस म्हणजे काय, ते आधी एकदाच सांगून टाकू. एखाद्या समाजगटाला कमी लेखणारे शब्द टाळावेत ही अपेक्षा, आणि ती न पाळणाऱ्यावर येणारा दबाव, या दोन्हींचं मिळून हे नाव आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतले डावे कार्यकर्ते आपल्यातल्याच अतिकडक सहकाऱ्यांना चिडवण्यासाठी हे शब्द वापरत. ऑक्टोबर १९९० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विद्यापीठांतल्या या वातावरणावर लेख छापला. मे १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यावर बोलले. तेव्हापासून हे लेबल बहुतेक वेळा दुसऱ्यालाच लावलं जातं. 'मी पोलिटिकली करेक्ट आहे' असं अभिमानाने सांगणारा माणूस शोधावा लागेल.

## एका भांडणात तीन भांडणं

शब्दांवरचा कुठलाही वाद घ्या, त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, या शब्दात खरोखर काही वाईट आहे का? दुसरा, त्याच्या जागी कोणता शब्द आणायचा हे कोणी ठरवायचं? आणि तिसरा, जुना शब्द वापरला तर वापरणाऱ्याचं काय करायचं?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. शब्द वाईट आहे हे मान्य, पण पर्याय चुकीचा आहे, असं म्हणता येतं. पर्यायही पटतो, पण जुना शब्द तोंडातून गेला म्हणून कोणाची नोकरी जाऊ नये, हेही म्हणता येतं. चर्चेत मात्र पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की उरलेल्या दोन्हींना आपण होकार दिलाय असं गृहीत धरलं जातं. मग ज्याला फक्त शिक्षा जड वाटते, तो शब्दाचीच बाजू घेऊन भांडायला लागतो. इथूनच गोंधळ सुरू होतो.

आपल्याकडचं एक उदाहरण बघा. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात' मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं आणि पुढच्या वर्षी सरकारी विभागाच्या नावात तो शब्द आला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला. अपंगत्वात दैवी असं काही नाही, अडचण आहे ती रॅम्प नसलेल्या इमारतींची आणि चढता न येणाऱ्या बसची, असं त्यांचं म्हणणं होतं. हे लोक जुन्या शब्दाची वकिली करत नव्हते. त्यांचं भांडण दुसऱ्या प्रश्नावर होतं. अपमानाच्या जागी दया नको, इतकंच ते सांगत होते.

## शब्द बदलून फरक पडतो का?

पडतो, पण मोजका. त्याचा पुरावाही आहे. २०१० साली जॉन केली आणि कॅसांड्रा वेस्टरहॉफ यांनी पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एका रुग्णाची माहिती वाचायला दिली. सगळा मजकूर सारखा होता, फरक एकाच ठिकाणी होता. निम्म्यांच्या कागदावर त्या माणसाला अंमली पदार्थांचा 'गैरवापर करणारा' म्हटलं होतं आणि निम्म्यांच्या कागदावर त्याला अंमली पदार्थांच्या वापराचा 'विकार' असल्याचं लिहिलं होतं. 'गैरवापर करणारा' वाचलेल्यांचा कल रुग्णालाच दोषी धरण्याकडे आणि त्याच्यावर दंडात्मक उपाय करण्याकडे अधिक झुकला. फरक मोठा नव्हता. पण ही या विषयात शिकलेली, रोज असे रुग्ण पाहणारी माणसं होती. जिथे एका अहवालावर एखाद्याचे उपचार ठरतात, तिथे एवढा फरकही पुष्कळ झाला.

आता एक वाक्य जवळून पाहू. बातमीत हमखास असं येतं: 'व्हीलचेअरला खिळलेल्या तरुणाने अपंगत्वावर मात करत पदवी मिळवली.' यात काय काय गडबड आहे? 'खिळलेला' हे वस्तुस्थितीला धरून नाही. व्हीलचेअर माणसाला खिळवत नाही, हलवते. ती नसती तर तो खिळला असता. 'मात करत' हेही खरं नाही, कारण पदवीनंतरही त्याचे पाय तसेच आहेत. त्याने मात केली असेल तर ती लिफ्ट नसलेल्या तीन मजल्यांवर, आणि नेमकी तीच गोष्ट बातमीतून गळाली. 'व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाने, कॉलेजात लिफ्ट नसताना, पदवी मिळवली' असं लिहिलं तर वाक्य गोड झालं नाही, नेमकं झालं. वाचणाऱ्याला आता कॉलेजला जाब विचारता येतो.

कुठलाही नवा शब्द पारखायचा असेल तर माझ्या मते हीच कसोटी उपयोगी आहे: नव्या शब्दाने माहिती वाढली की कमी झाली? 'ऐकू न येणारं मूल' म्हटलं की शिक्षकाला कळतं, आपण त्याच्याकडे तोंड करून बोलायला हवं. 'विशेष मूल' म्हटलं की काहीच कळत नाही. कानाला हळुवार लागणारे पुष्कळ शब्द या कसोटीला उतरत नाहीत. उलट साधे, थेट शब्द बऱ्याचदा उतरतात.

## नवा शब्दही काही वर्षांनी शिवी का होतो?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'इडियट', 'इम्बेसाइल' आणि 'मोरॉन' या इंग्रजीतल्या वैद्यकीय संज्ञा होत्या. बुद्ध्यंकाच्या पट्ट्यांना दिलेली ती नावं होती. 'मोरॉन' तर हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये मुद्दाम घडवला. त्या तिन्ही शिव्या झाल्यावर 'मेंटल रिटार्डेशन' हा सभ्य पर्याय रूढ झाला. तोही शाळेच्या मैदानावर शिवी झाला. ५ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेत 'रोझाज लॉ' या कायद्याने तो संघराज्याच्या अनेक कायद्यांतून काढून 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' हे शब्द घातले. ब्रिटनमधल्या अपंगांसाठी काम करणाऱ्या 'स्पॅस्टिक्स सोसायटी' ने, नावातला शब्द शिवी झाला म्हणून, १९९४ मध्ये आपलं नाव 'स्कोप' केलं. मग मुलं एकमेकांना 'स्कोपर' म्हणून चिडवू लागली.

स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९९४ साली या चक्राचं वर्णन केलं. कारण समजायला अवघड नाही. आतून ओल आलेल्या भिंतीला रंगाचा नवा हात दिला की काही दिवस ती छान दिसते, मग त्याच जागी डाग उमटतो. ओल म्हणजे त्या माणसांविषयीचा आपला तुच्छपणा. तो आत मुरलेला असेपर्यंत वरचा शब्द कितीही ताजा असो, डाग पडणारच.

यावरून 'मग शब्द बदलूच नका' असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. रोझाज लॉ ज्या मुलीच्या नावाने झाला, त्या मुलीच्या शाळेच्या कागदावर जे लिहिलं होतं तेच मैदानावर शिवी म्हणून वापरलं जात होतं. कागदावरचा शब्द बदलल्याने मैदानावरची शिवी थांबत नाही, पण शिवी देणाऱ्याला सरकारी शिक्क्याचा आधार मिळणं तरी थांबतं. फायदा काही वर्षांचाच असेल, तरी ती वर्षं कोणाच्या तरी बालपणाची असतात. फक्त नुसता शब्द बदलून काम फत्ते झालं असं समजू नये, आणि दर दहा वर्षांनी शब्द बदलणार असेल तर मागे राहिलेल्याला गुन्हेगार ठरवू नये.

## दबाव नेमका कसा चालतो?

बोलण्यावर चार ठिकाणांहून दाब येतो: कायदा, संस्था, सोशल मीडिया कंपन्या आणि आपलं वर्तुळ. कायदा तुरुंगात टाकू शकतो, संस्था नोकरी किंवा प्रवेश काढून घेऊ शकते, कंपनी खातं बंद करते, आणि वर्तुळ बोलणं टाकतं. शिक्षा जसजशी सौम्य होत जाते, तसतशी बचावाची सोयही कमी होत जाते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. कोर्टात आरोप लेखी असतो, पुरावा लागतो, वकील असतो, अपील असतं. कंपनीकडे एक फॉर्म असतो, त्याला यंत्र उत्तर देतं. वर्तुळात तर आरोपही कळत नाही. फक्त फोन येणं बंद होतं. १८५९ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने हाच मुद्दा मांडला होता: समाजाची जुलूमशाही सरकारच्या जुलमाहून खोल शिरते, कारण तिच्यापासून पळून जायला जागा कमी असते.

वर्तुळाची ताकद किती, ते मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसतं. खोलीत काही माणसं बसलेली. समोर एक रेघ, आणि शेजारी वेगवेगळ्या लांबीच्या तीन रेघा. बरोबरीची कोणती ते मोठ्याने सांगायचं. एक सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्याचे साथीदार, आणि ते ठरल्याप्रमाणे ठरावीक वेळा एकमुखाने चुकीचं उत्तर देत. एकट्याने उत्तर देताना लोक शंभरात एकदाही चुकत नव्हते. गटात बसवल्यावर मात्र त्या ठरावीक फेऱ्यांतली एक तृतीयांशाहून अधिक उत्तरं गटासारखी चुकीची आली, आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी वाहवत गेले. रेघेच्या लांबीवर कोणाचा मानापमान अवलंबून नव्हता, तरी हे झालं. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. खोलीत एक जरी माणूस खरं उत्तर देणारा असला, किंवा उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचं असलं, की हा परिणाम झपाट्याने घसरला. म्हणजे डोळे शाबूत होते, अडचण तोंड उघडण्याची होती.

तोंड बंद राहिलं की दुसरी गोष्ट घडते. गप्प बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, वेगळं मत असलेला आपण एकटेच. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये याला मौनाचा भोवरा म्हटलं. सौदी अरेबियात लिओनार्डो बर्झटिन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हा भोवरा स्वच्छ दिसतो. रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना गुप्तपणे विचारलं, बायकांना घराबाहेर नोकरी करू द्यावी का? ८७ टक्के 'हो' म्हणाले. पण बाकीचे किती जण 'हो' म्हणतील याचा अंदाज बांधताना बहुतेकांनी खूप कमी आकडा सांगितला. खरा आकडा ज्यांना दाखवला, त्यांच्यातल्या अधिक जणांनी बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवलं.

हे उदाहरण मुद्दाम दिलं. दबावाखालचं मौन म्हणजे 'लोकांच्या मनातला दडवलेला जुनाट विचार' असं दोन्ही बाजू धरून चालतात. इथे उलटं झालं: दडलेलं मत पुढारलेलं होतं आणि जाहीर मत जुनाट. दबाव कुठल्याही दिशेचा असो, त्याचा तोटा एकच. लोकांना खरंच काय वाटतं हे कोणालाच कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर वादही करता येत नाही. अमेरिकेत २०२० मध्ये केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेच्या पाहणीत ६२ टक्के लोक म्हणाले की, सध्याच्या वातावरणात आम्हाला पटणाऱ्या काही गोष्टी आम्ही बोलत नाही, कोणाला खुपेल म्हणून. यातले काही जण शिव्या गिळत असतील, ते बरंच आहे. पण प्रामाणिक शंका गिळणारेही त्यात आहेत, आणि बाहेरून दोघं सारखेच दिसतात.

## नियम फसतात ते कुठे?

पहिली जागा म्हणजे मोघम भाषा. मिशिगन विद्यापीठाने १९८८ मध्ये भेदभावी बोलण्याविरुद्ध नियम केला. त्यामागचं कारण खरं होतं. कॅम्पसवर वंशद्वेषी प्रकार घडले होते. पण नियमाची शब्दयोजना इतकी सैल होती की जीवशास्त्रीय मानसशास्त्राचा एक पदव्युत्तर विद्यार्थी कोर्टात गेला. आपल्या विषयातले स्त्री-पुरुष फरकांविषयीचे सिद्धांत वर्गात मांडले तर ते या नियमात बसेल का, हे त्याला कळत नव्हतं. सुनावणीत विद्यापीठालाही सीमारेषा नीट सांगता आली नाही, आणि १९८९ मध्ये कोर्टाने नियम रद्द केला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ चं हेच झालं. 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय' असे शब्द आणि तीन वर्षांपर्यंत कैद. २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि लाइक केलं म्हणून पालघरला दोन मुलींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. दोन्हीकडे मुद्दा एकच: आपण नियम मोडतोय की नाही हे बोलणाऱ्याला आधी कळायला हवं.

दुसरी जागा म्हणजे संदर्भ न पाहणं. शब्द वापरणं वेगळं आणि शब्दाविषयी बोलणं वेगळं. शिवी देणारा आणि 'मला अमुक शिवी दिली' अशी तक्रार लिहिणारा, दोघांच्याही वाक्यात शिवी असतेच. यंत्राला हा फरक चटकन कळत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या एका छोट्या वर्तमानपत्राने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तुकड्यातुकड्याने फेसबुकवर टाकायला घेतला. मूळनिवासींना रानटी म्हणणारा तुकडा आला, तसा फेसबुकने तो द्वेषपूर्ण म्हणून काढला. नंतर माफी मागून परत लावला. माणसंही अशी चूक करतात. ऑगस्ट २०२० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने, बोलताना अडखळलं की माणसं कोणते शब्द घालतात हे शिकवताना, चिनी भाषेतला 'ने-गे' हा शब्द उच्चारला. तो इंग्रजीतल्या वांशिक शिवीसारखा ऐकू आला, तक्रार झाली आणि त्या अभ्यासक्रमावर दुसरा शिक्षक आला. चौकशीत वाईट हेतू आढळला नाही. पण तोवर बातमी जगभर फिरली होती.

तिसरी जागा सगळ्यात बोचरी. ज्यांच्यासाठी नियम केला, तो त्यांच्यावरच उलटतो. सायमन टॅम यांच्या आशियाई-अमेरिकन बँडने स्वतःला 'द स्लँट्स' हे नाव घेतलं. आशियाई डोळ्यांवरून दिली जाणारी शिवी त्यांनी मुद्दाम आपलीशी केली होती. समूहाची बदनामी करणारं नाव म्हणून ट्रेडमार्क कार्यालयाने नोंदणी नाकारली. १९ जून २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बँडच्या बाजूने निकाल दिला. शिवी उचलून बिल्ला करून छातीवर लावणं ही दडपलेल्या समूहांची जुनी रीत आहे. नुसती शब्दांची यादी तपासणाऱ्याला ती दिसतच नाही.

आणि चौथी, याद्यांचा अतिरेक. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आयटी विभागाने आपल्या वेबसाइट आणि कोडसाठी टाळायच्या शब्दांची लांबलचक यादी केली. त्यात खऱ्या शिव्यांच्या रांगेत 'अमेरिकन' हा शब्दही होता, कारण अमेरिका खंडात इतर देशही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये यादीचा गवगवा झाला आणि जानेवारीत ती मागे घ्यावी लागली. याचं नुकसान निव्वळ हसं होण्यावर थांबत नाही. 'अमेरिकन' आणि एखादी जीवघेणी शिवी एकाच तक्त्यात बसवली, की वाचणारा दोन्हींना सारखंच हलकं समजतो.

## 'पूर्वी कोणाला काही वाटत नव्हतं'

वाटत होतं, सांगायची सोय नव्हती. ज्याच्या हातात पगार, गुण किंवा घरमालकी होती त्याला कोण सांगणार, की तुमचा विनोद मला लागतो? वरचा रेघांचा प्रयोग इथेही लागू आहे. पूर्वीची शांतता संमतीची होती असं मानायला काही आधार नाही. आजचे टीकाकार ज्या मौनाची तक्रार करतात, तेच मौन दुसऱ्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाळलेलं आहे.

## 'टीका करणं म्हणजे मुस्कटदाबी का?'

नाही. तुम्ही काही बोललात आणि लोकांनी ते वाईट आहे असं म्हटलं, तर तेही अभिव्यक्ती स्वातंत्र्यच. पण टीकेचा रोख कुठे आहे ते पाहावं. 'हे म्हणणं चुकीचं आहे, कारण...' हा युक्तिवाद झाला. 'याला कामावरून काढा' ही शिक्षेची मागणी झाली, आणि शिक्षेला शिक्षेचे नियम लागतात: प्रमाण, चौकशी, मुदत. गर्दीच्या शिक्षेची अडचण अशी की प्रत्येकाचा वाटा छोटा असतो, एक वाक्य, एक शेअर. बेरीज मात्र कोणीच ठरवलेली नसते. चाळीस हजार जणांनी प्रत्येकी थोडं रागवावं, एवढा मोठा गुन्हा क्वचितच घडलेला असतो.

## 'हे सगळं डाव्यांचं खूळ आहे'

भाषेवर सक्ती करणारे सगळ्या रंगांचे आहेत. जर्मनीत बव्हेरिया राज्याने २०२४ मध्ये शाळा आणि सरकारी कार्यालयांत स्त्री, पुरुष आणि इतर सगळ्यांना एकाच शब्दात सामावणारी तारांकित लेखनपद्धत बंद केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अर्जेंटिनाच्या सरकारने राष्ट्रीय प्रशासनात सर्वसमावेशक भाषेला मनाई केली. 'लोकांवर भाषा लादू नका' हे कारण देऊन लादलेल्या या बंद्या आहेत. वर सांगितलेल्या चार दाबांपैकी यात सर्वात जड दाब, सरकारचा, वापरला गेला.

## 'ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाच ठरवू द्या'

तत्त्व म्हणून हे बरोबर आहे, पण 'ते' म्हणजे एक माणूस नव्हे. अपंगत्वाच्या क्षेत्रात 'आधी व्यक्ती' ही पद्धत फार शिकवली जाते: 'अंध व्यक्ती' न म्हणता 'अंधत्व असलेली व्यक्ती' म्हणा. अमेरिकेतल्या 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' ने, म्हणजे अंधांच्याच मोठ्या संघटनेने, १९९३ मध्ये ठराव करून याला विरोध केला. अंध असण्यात लपवण्यासारखं काही नाही, मग शब्दाला असा वळसा कशाला, अशी त्यांची भूमिका होती. ऑटिझम असलेल्यांतही अनेकांना 'ऑटिस्टिक' हाच शब्द हवा असतो, आणि अनेक पालकांना तो नको असतो. प्रशिक्षणाला आलेली, स्वतः त्या गटात नसलेली व्यक्ती एकच नियम शिकून जाते, मग एखाद्या अंध माणसाचं त्याच्याच शब्दाबद्दल चुकतंय असं त्याला सांगते. समोर एक माणूस असेल तर त्यालाच विचारावं. गटाविषयी लिहायचं असेल तर दोन्ही शब्द चालू द्यावेत.

## रुजतं ते काय, आणि काय नाही?

स्वीडनमध्ये १९६० च्या दशकापर्यंत समोरच्याला त्याच्या हुद्द्याने, तृतीय पुरुषात संबोधायची रीत होती. हुद्दा माहीत नसेल तर पंचाईत व्हायची. १९६७ मध्ये वैद्यकीय मंडळाचे प्रमुख म्हणून रुजू होताना ब्रूर रेक्सेद यांनी जाहीर केलं की ते सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार. ही चाल आधीच सुरू झाली होती, पण पुढच्या काही वर्षांत ती देशभर पसरली. शिक्षेची गरज पडली नाही, कारण नव्या रीतीने बोलणाऱ्याचं ओझं उतरत होतं, आणि सुरुवात वरच्या हुद्द्यावरच्या माणसाने स्वतःपासून केली होती. इंग्रजीत बाईच्या नावाआधी लावायच्या 'मिज' (Ms.) चंही तसंच: बाई विवाहित आहे का हे न विचारता पत्र लिहिता येऊ लागलं. न्यूयॉर्क टाइम्सने तो १९८६ मध्ये स्वीकारला.

याच्या उलट 'लॅटिनेक्स'. लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांसाठी हा लिंगनिरपेक्ष शब्द अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी उचलून धरला. प्यू रिसर्च या पाहण्या करणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार त्या समाजातल्या २३ टक्क्यांनी तो ऐकला होता आणि ३ टक्के लोक तो वापरत होते. २०२४ च्या अहवालात ऐकलेले ४७ टक्के झाले, वापरणारे ४. प्रसिद्धी दुप्पट झाली तरी वापर जागचा हलला नाही. स्पॅनिशमध्ये तो नीट उच्चारताच येत नाही, आणि ज्या आजीला तो लावायचा तिला तो आपला वाटत नाही.

## नियम लिहायचाच असेल तर

शाळा, वृत्तपत्र किंवा कार्यालय चालवायचं तर काही नियम लागतातच. संस्थेच्या नावाने छापल्या जाणाऱ्या मजकुरासाठी एक पत्रक असावं आणि कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या वागण्यासाठी वेगळं; पहिल्यात शब्दांची पसंती सांगता येते, दुसऱ्यात मनाई फक्त छळ आणि अपमान यांनाच असावी. प्रत्येक शब्दासमोर कारण आणि पर्याय लिहावा. कारण एका ओळीत सांगता येत नसेल तर तो शब्द यादीत घालू नये. यादीत थेट शिव्या आणि केवळ 'याहून बरं' असे शब्द वेगळ्या पानांवर ठेवावेत. अवतरण, अध्यापन, संशोधन, तक्रार आणि स्वतःविषयी बोलणं यांना सूट आहे, असं स्पष्ट लिहावं.

पायऱ्याही आधीच ठरवाव्यात. पहिल्यांदा घडलं तर खासगीत सांगणं, तेही शक्यतो ज्याला लागलं त्याच्यावर ते काम न टाकता. सांगूनही त्याच व्यक्तीला उद्देशून पुन्हा घडलं तर लेखी समज. हेतुपुरस्सर छळाचा मार्ग वेगळा. तिथे थेट चौकशी. तक्रार आल्यावर पहिले दोन दिवस बोलणाऱ्याविषयी संस्थेने जाहीर काहीही म्हणू नये आणि पूर्ण वाक्य, आधीचं व नंतरचं, मिळवावं. स्क्रीनशॉटमध्ये बहुधा मधलंच असतं. ज्या तारखेला शब्द यादीत आला त्याआधीचा मजकूर नव्या नियमाने तपासू नये. दर दोन वर्षांनी यादी त्या त्या गटातल्या निदान तीन-चार वेगवेगळ्या लोकांना दाखवावी, त्यांचं एकमत होणार नाही हे धरून, आणि जिथे मतं फुटतील तिथे दोन्ही शब्द ग्राह्य धरल्याची नोंद करावी. यादीतून शब्द काढून टाकण्याचा अधिकार कोणाला, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावं. याद्यांमध्ये भर घालायला समिती असते, वजाबाकी करायला बहुधा कोणीच नसतं.